अंगणातले अनोळखी झाड

आपल्या दारापुढील अंगणात कधीकधी एखादे झाड कोणी न लावता उगवते. पाखराच्या विष्ठेतून बी पडते, पावसाळ्यात त्याला अंकुर फुटतो, आणि रोप कुंपणाच्या कडेला चांगले कमरेएवढे होईपर्यंत घरातील कोणाचेही तिकडे लक्ष जात नाही. लक्ष गेले की घरात दोन प्रश्न निघतात. हे कशाचे झाड? आणि ठेवायचे की काढायचे? खरे पाहता पहिल्याचे उत्तर मिळाल्यावाचून दुसरा प्रश्न विचारताच येत नाही. पण बहुतेक घरांत दुसऱ्याचे उत्तर आधी ठरते, आणि विळा तर हाताशी असतोच.

लूककृत शुभवर्तमानाच्या 13 व्या अध्यायात (6 ते 9 ही वचने) प्रभू येशूने द्राक्षमळ्यातील अंजिराचा दाखला सांगितला आहे. धनी तीन वर्षे फळ शोधत आला आणि दर वेळी रिकाम्या हाताने परतला. त्याने झाड तोडण्याची आज्ञा दिली, तेव्हा माळ्याने आणखी एका वर्षाची मुदत मागितली. त्या अवधीत सभोवती खणण्याचे व खत घालण्याचे काम त्याने स्वतःच्या अंगावर घेतले. दाखल्यातील अंजीर धन्याच्या ओळखीचे होते, त्याने ते मुद्दाम लावलेले होते. असे असूनही त्याच्यासाठी रदबदली करावी लागली. मग ज्याचे नावही आपल्याला ठाऊक नाही, त्याच्यासाठी किती करावी लागेल?

उदाहरणादाखल एकच झाड घेऊ. उत्तर व मध्य भारतात राहणाऱ्या आपल्या वाचकांच्या अंगणात ते हमखास आढळेल. प्रथमदर्शनी कोणीही त्याला कडुनिंब म्हणेल. पाने तशीच दातेरी, तशीच कडू. परंतु जवळ जाऊन पाहावे. कडुनिंबाच्या एका देठावर दोन्ही बाजूंना पर्णिकांची एकेरी रांग असते, पिसासारखी. या झाडाच्या देठाला मात्र उपदेठ फुटतात आणि पर्णिका त्या उपदेठांवर येतात. (पूर्ण पान कोठे सुरू होते हे कळत नसेल तर एक साधी खूण आहे. कळी पानाच्या बगलेत येते, पर्णिकेच्या बगलेत कधीच येत नाही.) कडुनिंबाची फुले पांढरी, याची फिकट जांभळी. हिवाळ्यात याची पाने झडतात आणि निष्पर्ण फांद्यांवर पिवळ्या फळांचे घोस लोंबत राहतात. हा बकाणा निंब. हिंदीत त्याला बकायन म्हणतात, पंजाबात धरेक.

हा भेद केवळ वनस्पतिशास्त्राच्या हौसेचा नाही. बकाण्याची फळे माणसाला विषारी आहेत. पाखरे ती खातात व बी दूरवर पसरवतात, पण लहान मुलाने गोळा करून खाल्ली तर जिवावर बेतू शकते. कडुनिंब समजून एखाद्या आईने याच्या पाल्याचा रस मुलाला पाजला, तर तिची माया त्या मुलाला वाचवणार नाही. म्हणून ओळख पटवणे हा प्रेमाचाच भाग आहे. सगळीच झाडे देवाने निर्माण केली, मग भेद कशाला करावा, असे म्हणणारा मनुष्य मोठ्या मनाचा दिसतो खरा, पण घरात मुले असताना असा मोठेपणा परवडत नाही.

ज्यांनी शास्त्रात आयुष्य घातले त्यांनाही ही दोन झाडे एकाच कुळीची वाटली, यात नवल नाही. लूथरपंथी पाळकाच्या घरी जन्मलेल्या लिनिअसने 1753 साली दोघांना एकाच प्रजातीत, मेलियात, घातले. पुढे एकोणिसाव्या शतकात कडुनिंबाला वेगळे काढण्यात आले. आपल्या लोकांना तर विल्यम कॅरी यांची आठवण व्हावी. 1805 साली मराठीचे व्याकरण छापणारे हे मिशनरी सेरामपूरच्या आपल्या बागेत झाडे लावून, निरखून, त्यांची नोंद ठेवत. रॉक्सबर्ग यांचा भारतीय वनस्पतींवरील ग्रंथ त्यांनीच सेरामपूरहून छापवून घेतला. आपल्या सह्याद्रीतील कुंभ्याच्या झाडाचे शास्त्रीय नाव त्यांच्याच नावावरून पडले आहे. एका अनोळखी भाषेतील शब्द आणि एका अनोळखी देशातील पाने या दोहोंपुढे त्यांनी सारख्याच धीराने बसकण मारली. आज मोबाईलने पानाचा फोटो काढला की क्षणात नाव पुढे येते. सोय चांगली आहे. पण एका पानावरून आलेले नाव हा अंदाज असतो. फूल व फळ पाहिल्यावाचून त्यावर शिक्का मारू नये, आणि त्यासाठी किमान एक ऋतुचक्र जावे लागते.

फळांवरून झाड ओळखावे, हा प्रभूचा उपदेश (मत्तय 7:15-20) आपण वारंवार उद्धृत करतो. तो खोट्या संदेष्ट्यांविषयी आहे हे मात्र सोयीस्करपणे विसरतो, आणि शेजाऱ्याला लेबल चिकटवण्यासाठी तो वापरतो. शिवाय फळ ही उशिरा येणारी वस्तू आहे. लेवीय 19:23-25 मध्ये इस्राएल लोकांना अशी आज्ञा आहे की, नवीन लावलेल्या फळझाडाची फळे तीन वर्षे खाऊ नयेत, चौथ्या वर्षाची परमेश्वराला वाहावीत आणि पाचव्या वर्षापासून खावीत. फळावरून पारख करा असे सांगणारा प्रभू हे नियमशास्त्र जाणत होता.

आता, प्रिय वाचकहो, मंडळीकडे वळू. रविवारी शेवटच्या बाकावर एक नवे कुटुंब येऊन बसते. कोणी त्यांना लावलेले नाही. नोकरीच्या, बदलीच्या, कधी संकटाच्या वाऱ्याने ते येथे येऊन पडले. उपासना संपताच आपण त्यांची चौकशी करतो. नाव काय, आडनाव काय, मूळ गाव कोणते. प्रश्न सौजन्याचेच असतात. परंतु आपण प्रामाणिकपणे कबूल करावे की, मूळ गाव विचारण्यामागे पुष्कळदा मूळ जात काढून घेण्याचा हेतू असतो. बाप्तिस्म्याच्या पाण्याने जी ओळख धुतली गेली असे आपण वेदीपुढे म्हणतो, तीच आपण दाराशी उकरून पाहतो. हे खणणे माळ्याचे नव्हे. माळी मुळाशी खणतो तो खत घालण्यासाठी.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्यांना तर हे अधिक कळायला हवे. मराठी, आणि ख्रिस्ती? मग तुम्ही नक्की कोण? हा प्रश्न दिल्लीत, हैदराबादेत, भिलाईत आपणांपैकी कितीजणांना ऐकावा लागला असेल! दुसऱ्याच्या अंगणातील अनोळखी झाड होऊन राहणे काय असते, याचे पुस्तकी ज्ञान आपल्याला नको. पानावरून लोक आपल्याला काहीबाही म्हणाले, आणि आपण फुलायची वाट पाहणारा एखादाच भेटला.

नथनेलानेही नासरेथ हे गाव ऐकताच निष्कर्ष काढला होता (योहान 1:46-48). फिलिप्पाने वाद घातला नाही, येऊन पाहण्याचे आमंत्रण दिले. आणि नथनेल पाहावयास निघाला तेव्हा त्याला कळले की अंजिराखाली बसलेल्या आपल्याला कोणीतरी आधीच पाहिले आहे, तेही चांगल्या डोळ्यांनी.

त्या बकाण्याविषयी एक गोष्ट सांगायची राहिली. फळातील कठीण बीला मधोमध निसर्गतःच पोकळी असते, त्यामुळे त्यात दोरा सहज ओवता येतो. प्लास्टिकचे मणी येण्यापूर्वी या बियांच्या जपमाळा होत असत. इटलीत तर या झाडाला जपमाळेचे झाड अशाच अर्थाचे नाव आहे. जे फळ मुलाच्या तोंडी जाऊ नये, त्याचीच बी आजीच्या बोटांत प्रार्थना मोजत राहिली. मुले लहान असतील तर हे झाड दारापुढे ठेवू नये, असेच माझे मत आहे; पडलेली फळे तरी रोज वेचून टाकावीत. पण हा निर्णय झाडाची ओळख पटल्यावरचा आहे, आणि तो कोणाला तुच्छ लेखून घेतलेला नाही.

दाखल्यातील अंजिराचे पुढे काय झाले हे लूक लिहीत नाही. मागितलेले वर्ष अजून चालू आहे. या पावसाळ्यात कुंपणाशी जे रोप दिसेल त्याच्याभोवती आळे करा, त्याची फुले कोणत्या महिन्यात येतात ते पंचांगाच्या वा दिनदर्शिकेच्या पानावर टिपून ठेवा. आणि येत्या रविवारी शेवटच्या बाकावरील त्या कुटुंबाला, गाव न विचारता, जेवावयास बोलवा.