घड्याळ खरं आहे का?

आजोबांचं एचएमटी जनता माझ्याकडे आलं ते बंद पडलेलं. चावी दिली की दोन मिनिटं चालायचं आणि थांबायचं. ओळखीच्या घड्याळजींकडे नेलं. त्यांनी मागचं झाकण उघडलं, डोळ्याला भिंग लावलं आणि म्हणाले, "डायल मूळची नाही, रंगवलेली आहे. चावी बदललीय. बॅलन्सही दुसऱ्या घड्याळाचा दिसतोय."

"म्हणजे नकली?" मी विचारलं.

"नकली कशाला? दुरुस्त केलेलं आहे," काका जरा तुटकपणे म्हणाले.

मी असं विचारलं त्याला कारण होतं. त्याच्या आदल्या वर्षी मी हौसेनं एक एचएमटी पायलट विकत घेतलं होतं. काळी तबकडी, पांढरे आकडे. विकणाऱ्यानं 'शंभर टक्के ओरिजनल' म्हणून दिलं होतं. नंतर भिंगाखाली पाहिलं तर अक्षरांच्या कडा फुटलेल्या, मिनिटांच्या रेघा आकड्यांशी न जुळणाऱ्या. जनता आणि पायलट या दोन्हींत बरेचदा १७ ज्वेल्सचं एकच ०२३१ यंत्र असतं. जनताच्या तबकडीला काळा रंग देऊन नवी अक्षरं छापली की पायलट तयार. एचएमटीनं १९६१ साली सिटिझन या जपानी कंपनीच्या सहकार्यानं बंगळुरूत घड्याळं बनवायला सुरुवात केली आणि २०१६ साली केंद्र सरकारनं हा व्यवसाय बंद करायचा निर्णय घेतला. त्यानंतर जुन्या घड्याळांची हौस वाढली, तसा हा उद्योगही.

आता माझ्यासमोर दोन घड्याळं होती. दोन्हींची तबकडी रंगवलेली, दोन्ही वेळ बरोबर दाखवू शकणारी. पारख करणारा दोघांवर एकच शेरा मारेल. मग एकाचा मला राग का यावा आणि दुसऱ्याचा का येऊ नये? केवळ ते आजोबांचं आहे म्हणून?

'मिलिंदपन्ह'मध्ये नागसेन मिलिंद राजाला विचारतो, तू ज्या रथातून आलास तो रथ म्हणजे नेमकं काय? आस म्हणजे रथ का? चाकं म्हणजे रथ का? प्रत्येक वेळी उत्तर 'नाही' असंच येतं. सगळे भाग एकत्र आले की त्यांना आपण 'रथ' म्हणतो, एवढंच. सुटे भाग मोजून घड्याळाचा खरेपणा ठरवायला निघालेल्याची अडचण हीच आहे. पण मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. नाव जर माणसं देत असतील, तर नावाची जबाबदारीही माणसांवरच येते. माझ्या पायलटमधलं पोलाद खोटं नव्हतं, यंत्रही खोटं नव्हतं. खोटं होतं ते त्याला दिलेलं नाव, आणि ते नाव एका माणसानं दुसऱ्याच्या विश्वासाच्या भरवशावर उच्चारलं होतं.

मराठीत वस्तू 'खरी' असते आणि बोलणंही 'खरं' असतं. दोन्हींना एकच शब्द आहे, हे मला आता अपघात वाटत नाही. २०१७ साली न्यूयॉर्कच्या लिलावात अभिनेता पॉल न्यूमनचं रोलेक्स डेटोना १ कोटी ७७ लाख डॉलरला गेलं. तसल्या तबकडीची इतरही डेटोना आहेत. एवढी किंमत त्या घड्याळाविषयी जे सांगितलं जात होतं, आणि जे तपासून पाहता येत होतं, त्याची होती.

म्हणून वस्तूची तपासणी निरर्थक ठरत नाही. भिंग नसतं तर मी आजही ते पायलट कौतुकानं मिरवत असतो. वस्तू साक्षीदार असते. पण साक्षीदार म्हणजे निकाल नव्हे. तबकडी रंगवलेली आहे एवढंच भिंग सांगतं. ती कशासाठी रंगवली, हे माणसांना विचारावं लागतं.

मी आजीला विचारलं. ती म्हणाली, "पाणी गेलं होतं आत. आकडे दिसेनात. नवीन घ्या म्हटलं, तर रंगवून आणलं." तिच्या लेखी तो विषय तिथेच संपला.

मग मला मोह झाला. जुन्या जनताची मूळ तबकडी विकत मिळत होती. ती बसवली असती तर घड्याळ कारखान्यातून निघालं तसं दिसलं असतं आणि संग्राहकांनीही मान डोलावली असती. पण ती तबकडी दुसऱ्याच कुणाच्या मनगटावर म्हातारी झालेली. ती लावून 'हे माझ्या आजोबांचं घड्याळ' असं मी म्हणालो असतो, तर माझ्यात आणि त्या पायलटवाल्यात कितीसा फरक उरला असता? घड्याळ जितकं मूळच्यासारखं होईल, तितकं ते आजोबांचं कमी होणार होतं.

काकांना सांगितलं, तबकडी राहू द्या, फक्त साफ करून चालू करा. त्यांनी झाकणाची आतली बाजू माझ्यासमोर धरली. तिथे सुईनं कोरलेल्या बारीक खुणा होत्या, प्रत्येक दुरुस्तीच्या वेळी त्या त्या कारागिरानं केलेल्या. मी चार मोजल्या. काकांनी पाचवी केली.

पायलट अजून माझ्याकडेच आहे. कुणी घेतलंच, तर तबकडी रंगवलेली आहे हे आधी सांगेन. किंमत निम्मीही येणार नाही, पण तेवढं बोलल्यावर ते घड्याळ खरं होईल.