लुगड्याचा रंग

जुना काळ म्हटला की तो डोळ्यांपुढं काळा-पांढराच उभा राहतो. जणू आपल्या आज्या-पणज्या राखाडी रानातून राखाडी पाटी डोक्यावर घेऊन चालत होत्या. दोष काळाचा नव्हे, फोटोचा.

सर्गेई प्रोकुदिन-गोर्स्की नावाचा रशियन माणूस झारनं दिलेल्या रेल्वेच्या डब्यात अंधारखोली थाटून मुलूखभर हिंडला. एकाच दृश्याचे तो लागोपाठ तीन फोटो घ्यायचा, निळ्या, हिरव्या आणि तांबड्या काचेतून. फोटो काळे-पांढरेच, पण त्याच तीन रंगांच्या उजेडानं पडद्यावर एकावर एक पाडले की मूळ रंग उमटायचे. १९०९ साली टिपलेल्या तीन खेडवळ पोरी लाकडी घरापुढं रानफळांच्या ताटल्या हातात धरून उभ्या आहेत. त्यांचे झगे बघून वाटतं, आत्ताच वाळत घातलेले काढून अंगावर चढवलेत. शंभर वर्षांचं अंतर क्षणात मिटतं.

आमच्या आजीचा घरात एकच फोटो. पुतण्यानं मध्यंतरी तो मोबाइलवर रंगवून घेतला. लुगडं निळंशार झालं. सगळे खूश. आत्या तेवढी बराच वेळ बघत राहिली नि म्हणाली, "आयचं लुगडं हिरवं व्हतं रं. निळं तिनं कधी नेसलंच न्हाई."

"आज्जे, पर छान दिसतंय न्हवं?"

"दिसतंय की. पर ही बाई कोन?"

आत्याचा सवाल साधा नाही. रशियातल्या पोरींचा रंग त्यांच्याच कपड्यांवर पडलेल्या उन्हानं काचेवर सोडला. ती डोळ्यांदेखत पाहिलेल्याची साक्ष. मोबाइलनं दिलेला रंग दुसऱ्या हजारो फोटोंवरून बांधलेला अंदाज. अंदाज वाईट नसतो. पण तो साक्षीच्या जागी बसला की गेलेल्या माणसाला उत्तर देता येत नाही. जिवंत माणसाच्या तोंडी आपण न बोललेला शब्द घालत नाही. मग मेलेल्याच्या अंगावर न नेसलेलं लुगडं का घालावं?

अर्थात साक्षही अपुरीच. प्रोकुदिनच्या कित्येक फोटोंत नदीचं पाणी तांबड्या-हिरव्या-निळ्या रेघांत फुटलंय, कारण तीन फोटो होईस्तोवर पाणी थांबत नाही. माणसांना मात्र थांबावं लागे. खुरपं चालवणाऱ्या हाताला एवढी सवड कुठली? म्हणजे खऱ्या रंगातला भूतकाळसुद्धा घटकाभर काम सोडून उभा राहिलेला. त्या पोरींचे झगे दिसतात, पण त्यांच्या हातचं काम दिसत नाही.

म्हणून मला आता राखाडी रंगाचा राग येत नाही. आपल्याला इथवरच ठाऊक आहे, एवढं तो प्रामाणिकपणे सांगतो. त्यापुढचं विचारायचं तर ज्यांनी बघितलंय ती माणसं असेपर्यंतच विचारलं पाहिजे. आजीच्या फोटोमागं आता पेन्सिलीनं दोन शब्द लिहिलेत: लुगडं हिरवं.