अर्जातील मुले

परंदवडी परिसरात शिकवणारी एक तरुणी, शिक्षणधोरणाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी शिफारसपत्र मागावयास आमच्याकडे आली. अर्जासोबतच्या निवेदनात वर्गातील मुलांच्या दारिद्र्याचे हृद्य वर्णन होते. आम्हांस ते खटकले. परक्याचे दुःख आपल्या प्रवेशाचे भांडवल व्हावे काय?

१८८२ साली हंटर आयोगास दिलेल्या निवेदनात महात्मा फुल्यांनी आपला अनुभव मुख्यत्वे पुणे व भोवतालच्या गावांपुरताच असल्याचे प्रथम सांगितले. शेतकऱ्यांची मुले गुरे राखण्यात, शेतकामात अडकतात हेही मांडले; आणि निदान बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचे प्राथमिक शिक्षण मागितले. अर्थात, त्यांना स्वतःसाठी प्रवेश नको होता. तिला हवा आहे, त्यात पाप नाही.

‘‘ही मुले हे वाचतील तर?’’ आम्ही विचारले. तिने दोन परिच्छेद खोडले. भातलावणीच्या दिवसांतील गैरहजेरीचा ठेवला. आम्ही शिफारसपत्र लिहावयास घेतले.