न थांबणारे रक्त आणि नमाज

रक्तस्राव थांबतच नसेल, तर नमाजही सोडावी काय? हजरत फातिमा बिन्ते अबी हुबैश (रजि.) यांनी हे थेट प्रेषितांनाच (स.) विचारले. उत्तर मिळाले, नाही. हे शिरेचे रक्त आहे, मासिक पाळी नव्हे. पाळीचे दिवस संपताच गुस्ल करून नमाज अदा करावी. शुद्धतेची अट कायमच राहिली. मात्र जे आवरणे तिच्या हाती नाही, त्याचा दोष तिच्यावर आला नाही. आपल्या घरांत हा प्रश्न संकोचाने गिळला जातो आणि नमाज विनाकारण सुटते. अशा भगिनीने रक्त धुऊन हनफी मतानुसार प्रत्येक नमाजच्या वेळेसाठी, तर कोकणात रूढ असलेल्या शाफई मतानुसार प्रत्येक फर्ज नमाजसाठी नवा वुजू करावा. नमाज चालू असताना तेच रक्त वाहिले, तरी ती मोडू नये.