उभी गाडी, बसलेली बॅटरी

पनवेल हे रस्त्यांचं माहेर आहे. पुण्याचा जुना हमरस्ता गावाला घासून जातो, गोव्याचा रस्ता इथूनच फुटतो आणि २००२ साली पूर्ण झालेला द्रुतगती मार्ग शेजारच्या कळंबोलीहून निघतो. इतके रस्ते असलेल्या गावातली माणसं मोटारी काढून सारखी कुठंतरी जात असतील, असा परगावच्या लोकांचा समज असतो. प्रत्यक्षात पनवेलकर सकाळी लोकल पकडतो आणि संध्याकाळी लोकलनंच परत येतो. त्याची मोटार सोसायटीत उभी असते. गणपतीत कोकण, मे महिन्यात एखादं लग्न आणि मधल्या काळात धूळ, एवढंच तिचं जग.

अशा मोटारीत एखाद्या रविवारी सहकुटुंब, सहपरिवार बसावं, चावी फिरवावी आणि आतून नुसता 'टक्' असा आवाज यावा. पुन्हा फिरवली, पुन्हा 'टक्'. तेवढ्यात चार शेजारी गोळा होतात. कुणी म्हणतो, "सेल्फ गेला." कुणी म्हणतो, "बॅटरी बसली." तिसरा काहीच न बोलता बाह्या सरसावून धक्का मारायला गाडीच्या मागं जाऊन उभा राहतो. आणि गाडीचा मालक, मग तो कोणीही असो, एकच वाक्य बोलतो, "अहो, पण गाडी वापरलीच नाही हो! मग बॅटरी जाईलच कशी?"

वाचकहो, या वाक्यात आपल्या मध्यमवर्गाचं सगळं नीतिशास्त्र आहे. वापरलं की झिजतं, ठेवलं की टिकतं. म्हणून चिनी मातीचे कप कपाटात आणि चहा कान तुटक्या कपात. म्हणून पैठणी ट्रंकेत, आणि तीस वर्षांनी सुनेला द्यायला काढावी तर नेमकी घडीवर विरलेली. न वापरणं म्हणजे जपणं, असं आपण धरून चालतो. बॅटरीला हे तत्त्वज्ञान मान्य नाही.

तिचा हिशेब मी माझ्या समजुतीसाठी खतावणीच्या भाषेत मांडून पाहिला. भरलेली बॅटरी म्हणजे साधारण १२.६ व्होल्टची शिल्लक. गाडी बंद असली तरी तिचं घड्याळ, चोरघंटा आणि आतला संगणक जागेच असतात. त्यांचं खाणं अगदी चिमणीचं, समजा ३० मिलिअँपिअर. पण ते चोवीस तास चालतं. दिवसाला पाऊण अँपिअर-तासाच्या आसपास खर्च झाला. लहान गाडीची बॅटरी ३५ अँपिअर-तासांची धरली, तर तीन-साडेतीन आठवड्यांत निम्मी शिल्लक साफ. इंजिन सुरू करायला मात्र क्षणभर शंभराहून अधिक अँपिअर लागतात. मग 'टक्' नाही तर काय होणार? शिवाय बॅटरी नुसती ठेवली तरी आपली आपण उतरते, आणि आपल्याकडच्या उकाड्यात जरा लवकरच. उतरलेली तशीच राहिली, की आतल्या शिशाच्या पट्ट्यांवर सल्फेटचे खडे जमतात आणि घट्ट होत जातात. पुढं कितीही चार्ज करा, पहिली ताकद परत येत नाही. बसून खाल्लं तर डोंगर पुरत नाही म्हणतात. इथं उभ्यानं खाल्लेलंही पुरत नाही.

२०२० साली २५ मार्चला देशभर टाळेबंदी लागली, तेव्हा हा प्रयोग सगळ्यांच्या गाड्यांवर एकदम झाला. पुढं महिन्या-दोन महिन्यांनी मंडळी खाली उतरली आणि सोसायट्या-सोसायट्यांतून 'टक्' 'टक्' ऐकू येऊ लागलं.

त्या काळात एक घरगुती उपाय फार लोकप्रिय झाला. रोज सकाळी खाली जायचं, गाडी पाच मिनिटं जागेवरच सुरू ठेवायची आणि कर्तव्य पार पाडल्याच्या चेहऱ्यानं वर यायचं. हा उपाय फसवा आहे. सुरू करताना बॅटरीतून जे जातं, ते जागेवरच्या पाच मिनिटांत धड भरून निघत नाही. त्यात दिवे आणि पंखाही चालू असेल तर विचारूच नका. बॅटरीला निदान अर्धा तास रस्ता लागतो. म्हणजे कुठंतरी जावं लागतं.

बँकेत याच स्वभावाचा एक नियम आहे. खात्यात दोन वर्षांहून अधिक काळ खातेदारानं व्यवहार केला नाही, की ते निष्क्रिय ठरतं. बँक बचत खात्यावर व्याज घालत राहते, पण ते व्यवहारात धरत नाहीत. खातेदारानं काहीतरी करायला हवं. दहा वर्षं तसंच पडून राहिलं तर रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते. पुढं मागायला आलात तर मिळते, एवढी माणुसकी बँकेत आहे. बॅटरीत नाही.

आमच्या शाखेत एक आजोबा दर महिन्याला येतात. दोनशे रुपये काढतात, आणि पुढच्या आठवड्यात तेच दोनशे भरतात. एकदा मी म्हटलं, "आजोबा, कशाला दगदग करता? कार्ड आहे ना तुमच्याकडे?" ते म्हणाले, "अहो साहेब, खातं झोपायला नको. आणि तुम्ही 'बसा' म्हणता." त्यांचा मुलगा परदेशात असतो. रोज सकाळी त्याचा फुलांच्या चित्रासह 'सुप्रभात' येतो, न चुकता. आजोबा ते मला कौतुकानं दाखवतात. मुलगा येऊन चार वर्षं झाली आहेत. मी त्या मुलाला नावं ठेवत नाही. त्याच्या अडचणी त्याला ठाऊक. पण ती फुलं पाहिली की मला जागेवर पाच मिनिटं घुरघुरणारी गाडी आठवते.

गॅरेजवाले दुसराही मार्ग सांगतात. महिनाभर गाडी काढायची नसेल, तर बॅटरीची ऋण बाजूची वायर सरळ सोडवून ठेवा. हा मार्ग प्रामाणिक आहे. जोडलेलं ठेवायचं आणि चालवायचं मात्र नाही, यातच खरा तोटा. माणसांच्या बाबतीत अडचण एवढीच, की ती वायर कुठली हे सापडत नाही, आणि सापडली तरी सोडवायला हात धजत नाही. म्हणून त्यांच्या बाबतीत पहिलाच मार्ग उरतो. अर्धा तास रस्ता.

आता यावर नीतीचा एक बारीक प्रश्न निघतो. पनवेलहून पेण तीस-पस्तीस किलोमीटर. बॅटरीला अगदी औषधाच्या मात्रेसारखं अंतर. तिथं आपली आत्या राहत असेल, आणि आपण केवळ बॅटरी चार्ज व्हावी म्हणून तिच्याकडे गेलो, तर हे भेटणं खरं की खोटं? मी यावर पुष्कळ विचार केला. बॅटरी कशासाठी भरते आहे हे तिला ठाऊक नसतं, तरी ती भरते. आत्याही दारात मोटार पाहून हेतू विचारीत नाही. ती म्हणते, "आलास? हात-पाय धू, पोहे टाकते."

तेव्हा हेतूची चर्चा परतीच्या वाटेवर करावी. आत्याला बॅटरीचं सांगण्याचं काही कारण नाही.