ऐका, पण बोलू नका

नार्कॉटिक्स अ‍ॅनॉनिमसच्या बैठकीला फी नसते, नाव विचारलं जात नाही, डॉक्टरची चिठ्ठी लागत नाही. १९५३मध्ये दक्षिण कॅलिफोर्नियात सुरू झालेल्या या चळवळीने जगभरातल्या असंख्य माणसांना नशेतून बाहेर यायला हात दिला. पण हेरॉइन सोडून मेथाडोन या औषधावर आलेल्या माणसाला तिथल्या अनेक गटांत एक अट सोसावी लागली. बस, ऐक, पण बोलू नकोस. १९९६मध्ये संघटनेच्या विश्वस्तांनी काढलेल्या टिपणाने या प्रथेला आधारच दिला. अशा माणसाचं स्वागत करा. मात्र तो अजून पदार्थापासून मुक्त नाही, त्यामुळे त्याला किती सहभाग द्यायचा हे ज्या त्या गटाने ठरवावं, असा त्या टिपणाचा रोख होता.

ज्याला बोलण्याची सर्वांत जास्त गरज, त्यालाच गप्प बसवायचं, हा अन्याय होता. आणि तो जिवावर बेतणारा होता.

मेथाडोनचा उपचार उभा राहिला न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत, १९६४च्या सुमारास. डॉ. व्हिन्सेंट डोल, डॉ. मेरी निस्वँडर आणि त्यांच्या तरुण सहकारी डॉ. मेरी जीन क्रीक यांनी जुन्या हेरॉइन व्यसनींना दिवसातून एकदा तोंडाने मेथाडोन द्यायला सुरुवात केली. हे औषधही हेरॉइनसारखं ओपिऑइडच, पण त्याचा असर सावकाश चढतो आणि दिवसभर टिकतो. डोस बसला की रुग्णाला धुंदी येत नाही, ‘टर्की’ही, म्हणजे नशा न मिळाल्याचा त्रासही, लागत नाही. पुढचा डोस कुठून मिळणार या एकाच विचारात जाणारा दिवस त्याला कामासाठी, घरासाठी मोकळा मिळतो. २००२मध्ये अमेरिकेने याच कामासाठी ब्युप्रेनॉर्फिनलाही मान्यता दिली आणि २००५मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने दोन्ही औषधं अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातली.

हेच डॉ. डोल साठच्या दशकात दारू सोडू पाहणाऱ्यांच्या अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसचे विश्वस्त होते. त्यांनी पुढे नोंदवून ठेवलेली एक आठवण या वादात फारशी कुणी काढत नाही. त्या संघटनेचे सहसंस्थापक बिल विल्सन यांनी त्यांना विनंती केली होती की, दारूसाठीही मेथाडोनसारखं काही शोधता आलं तर पाहा. बैठकांपर्यंत न पोचणाऱ्या किंवा तिथे न टिकणाऱ्या दारुड्यांची विल्सन यांना काळजी होती. औषध आणि सोबत यांच्यात त्यांना तरी भांडण दिसत नव्हतं.

ते भांडण रुग्णांनीच मोडीत काढलं. १९९१मध्ये बाल्टिमोरच्या एका क्लिनिकमध्ये मेथाडोन अ‍ॅनॉनिमसची सुरुवात झाली. अशा गटांची बारा पायऱ्यांची चौकट तीच राहिली, मात्र मेथाडोन हे बरं होण्याचं एक साधन मानलं गेलं. ते पुढे बंद करायचं की नाही, हे ज्याच्या त्याच्या गरजेवर सोडलं. न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये २००६मध्ये सुरू झालेला ‘मार्स’ हा प्रकल्प याच्याही पुढे गेला. त्याचे प्रमुख वॉल्टर गिंटर स्वतः मेथाडोनवर होते. हे औषध शरीरात काय करतं, हे तिथे रुग्णांना नीट शिकवलं जाई आणि शिकलेले रुग्ण नव्याने आलेल्यांना आधार देत. हे शिक्षण फार मोलाचं होतं. घरचे, शेजारी, कधी डॉक्टरसुद्धा ‘हे कधी सोडणार?’ असं विचारत राहतात तेव्हा रुग्णाकडे स्वतःचं उत्तर असावं लागतं.

कारण औषध सोडण्याची किंमत भयंकर आहे. अनेक देशांतल्या अभ्यासांची २०१७मध्ये ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकात एकत्र मांडणी झाली. मेथाडोनच्या उपचारात असताना दर हजार माणसांमागे वर्षाला सुमारे ११ मृत्यू, उपचाराबाहेर सुमारे ३६. उपचार सुटल्यानंतरचे पहिले काही आठवडे तर फारच धोक्याचे, कारण शरीराची सवय उतरलेली असते आणि जुनाच डोस आता जीव घेतो. सोबतीचा परिणाम इतक्या स्वच्छ आकड्यांत मांडणं अवघड आहे. पण ज्या उपचाराचं सारं यश त्यात टिकून राहण्यावर आहे, त्यात टिकवून धरणारी माणसं दुय्यम कशी म्हणायची?

भारताला हा प्रश्न परका नाही. २०१९च्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार देशात सुमारे २ कोटी २६ लाख लोक ओपिऑइड घेतात आणि सुमारे ७७ लाखांना मदतीची गरज आहे. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेची (नॅको) केंद्रं सुईने नशा करणाऱ्यांना ब्युप्रेनॉर्फिन देतात, पंजाबातही २०१७पासून त्यासाठी सरकारी केंद्रं आहेत. नॅकोच्या प्रकल्पांत नशेच्या जगातून आलेले ‘पीअर एज्युकेटर’ वस्तीत फिरून माणसं केंद्रापर्यंत आणतात. पण रांगेत गोळी घेऊन निघून जाणाऱ्याला त्याच्यासारख्यांशी तासभर बोलायची जागाही तिथेच मिळायला हवी.

महाराष्ट्राला तरी अशा जागेचं महत्त्व पटवावं लागू नये. गर्दने, म्हणजे ब्राउन शुगरने, घरं पोखरायला सुरुवात केली तेव्हा, १९८६मध्ये, डॉ. सुनंदा आणि अनिल अवचट यांनी पुण्यात मुक्तांगण उभं केलं, आणि तिथे बरे झालेले रुग्णच पुढे नव्यांचे समुपदेशक झाले. एवढा अनुभव गाठीशी असलेल्या राज्यात ब्युप्रेनॉर्फिनवरच्या माणसांसाठी दर आठवड्याची बैठक सुरू करायला फार काही लागत नाही: एक खोली, ठरलेला वार, आणि काही वर्षं गोळी घेऊन नोकरी-संसार सांभाळणारा एखादा जण, जो पहिल्यांदा आलेल्याला म्हणेल, ‘बोल, काय होतंय तुला?’