ज्या घरात आपण राहणार नाही

घराचे हप्ते जरा हलके झाले की नोकरदार माणसाला दुसऱ्या फ्लॅटचे वेध लागतात. पहिला राहायला, दुसरा भाड्याने द्यायला. ‘भाड्यातूनच हप्ता निघेल’ हे वाक्य साइट ऑफिसात चहाबरोबर फुकट मिळतं. पुण्यात ओळखीतल्या एका जोडप्याने ‘वाकड की खराडी?’ असं विचारलं, तेव्हा आम्ही आधी आकडे मांडले. धरा, ८० लाखांचा टू बीएचके आणि भाडं २२ हजार. ६० लाखांचं कर्ज साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांसाठी काढलं, तर हप्ता ५२ हजारांचा. भाड्यातून त्याचा निम्माही निघत नाही. वर्षातला एखादा महिना फ्लॅट रिकामा राहतो. मेंटेनन्स आणि घरपट्टी वेगळीच. पुणे महापालिकेची घरपट्टीतली ४० टक्के सवलत तर स्वतः राहणाऱ्यालाच मिळते. सगळं वजा जाता ८० लाखांवर सुटतात कसेबसे सव्वादोन टक्के.

म्हणजे पैसे गुंततात ते भाव वाढेल या आशेवर. भाडं ही वरकमाई. त्यात काही पाप नाही. पण भाडं वरकमाई झालं की भाडेकरूही वरकड होतो. कशाला कटकट, म्हणून फ्लॅटला कुलूपच घालणारे कमी नाहीत. २०११ च्या जनगणनेत देशाच्या शहरी भागात एक कोटीहून अधिक घरं रिकामी आढळली होती.

कुलूप न घालणाऱ्यांचं काय? एरिया निवडताना ते विचारतात, आयटी पार्क किती लांब, मेट्रोचं स्टेशन कुठे, पाच वर्षांत भाव किती चढेल. मे महिन्यात नळाला पाणी किती वेळ असतं, हे क्वचितच कोणी विचारतं. विचारावं तरी का? तिथे आंघोळ दुसऱ्यालाच करायची आहे. मला या व्यवहाराची खरी नैतिक अडचण इथेच दिसते: निवड एकाची आणि भोग दुसऱ्याचे. भाडेकरूसुद्धा घर बघतो, पण रविवारी संध्याकाळी, एजंट घड्याळाकडे बघत असताना, दहा मिनिटं. मालकाला सवड असते. त्याने ऐन उन्हाळ्यात सकाळी सातला सोसायटीच्या गेटवर उभं राहावं. टँकर मागेपुढे होत आत शिरतो, पाइप जोडला जातो आणि वॉचमन वहीत वेळ आणि गाडीचा नंबर टिपून खाली सही घेतो. ती वही मागून चाळावी. एरियाबद्दल ती जे सांगेल, ते चकचकीत ब्रोशर सांगणार नाही.

भाडेकरू बसला की घर अडकलं, ही मालकांची भीती खोटी नाही, हेही मान्य करायला हवं. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने भाडी सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधून ठेवली. भाड्यात दुरुस्ती निघेना. चाळी खचल्या, पागडी बोकाळली. भाडी अशी गोठवून ठेवणं अवाजवी असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये म्हटलं आणि राज्याचा नवा कायदा २००० पासून लागू झाला. आता लीव्ह अँड लायसन्सच्या करारात पारडं बरंचसं मालकाकडे झुकलं आहे. भीती मात्र वारशाने तशीच आली आणि तिचं ओझं नव्या भाडेकरूवर पडलं. ‘फक्त फॅमिली’, ‘व्हेज ओन्ली’, आणि फोनवर पगाराच्याही आधी आडनाव. पागडीच्या काळातल्या भाडेकरूचा राग आज नोकरीसाठी लातूरहून आलेल्या मुलीवर काढायचा, हा कुठला न्याय?

अकरा महिन्यांच्याच कराराचा हट्टही त्याच भीतीतला. नोंदणी कायद्यानुसार वर्षाच्या आतल्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची नाही, त्यातून ही प्रथा आली. महाराष्ट्रात तिला आता अर्थ उरलेला नाही. मुदत कितीही असो, करार लेखी हवा, नोंदवलेला हवा, आणि ती जबाबदारी कायद्याने मालकावर टाकली आहे. नोंदवला नाही तर अटींबाबत भाडेकरू सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं.

तरीही मसुद्यात अकराच महिने छापलेले असतात. शाळेचं वर्ष बारा महिन्यांचं आणि करार अकरांचा. जूनमध्ये सुरू झालेला करार एप्रिलमध्ये संपतो, पुढचा मार्चमध्ये, ऐन परीक्षेत. शाळेत मुलं असलेल्या कुटुंबाने दर वर्षी टेम्पो सांगायचा का? खरं तर ३३ महिन्यांचा करार करता येतो. मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या पाव टक्का असल्याने ते अकरा महिन्यांच्या तीन करारांइतकंच पडतं, आणि नोंदणी फी तीनदा भरायची ती एकदाच भरावी लागते. दर वर्षीची पाच टक्के वाढही त्यातच लिहिता येते.